रोटातला खांब

पिंप्राळा, जळगाव
आषाढ अमावास्येचा आदला दिवस

प्रिय काकू,

पत्र बघून दचकू नकोस. सगळं ठीक आहे. फोनवर तू आपलं "हां, बरं शे, जेवनी का" एवढं बोलतेस आणि ठेवून देतेस. पुढचं माझ्या तोंडातच राहतं. पत्र मात्र तू चष्मा लावून दोनदा वाचतेस आणि गादीखाली ठेवतेस हे मला माहीत आहे, म्हणून लिहायला बसले. हे पत्र घेऊन येणारे पुनाभाऊ सोबत एक छोटी डबीही देतील. ती आधी उघडू नकोस. तुला दम निघत नाही हे ठाऊक आहे, तरी सांगते, पत्र पूर्ण वाचून झाल्यावरच उघड.

परवा धुळ्याहून धाकट्या काकांच्या ललितचा फोन आला होता. यंदा कानबाई देवी त्याच्याकडे बसवायची म्हणाला. तूच निरोप धाडलास म्हणे, की पेटी घेऊन जा. नारळ, नथ, डोरलं, खण, सगळं नीट बांधून ठेवलंयस. तो बिचारा खूश होता आणि घाबरलेलाही होता. त्याच्या नव्या घराचा हॉल मोठा आहे, मांडव घालायला अंगण आहे, मुलगा आहे, सगळं खरं. मी विचारलं, काकू असं का म्हणाली? तर तू त्याला उलट विचारलंस म्हणे, की तुमचे आबाकाका गेले, आता या घरात पुरुषमाणूस नाही, कानबाईच्या नैवेद्याचे रोट करताना एकेका पुरुषाच्या नावाने गव्हाची मूठ टाकतात, ती कोणाच्या नावाने टाकू? नागपंचमीनंतरचा रविवार आता जवळ आलाय आणि त्याच्या आत तो पेटी न्यायला येणार आहे. आबा गेले तेव्हा मागच्या श्रावणात आपण सण धरला नाही, ते रीतीप्रमाणे झालं. पण यंदा त्या ओट्यावर कानबाई बसणार नाही आणि तू धुळ्याला पाहुणी म्हणून जाऊन एका कोपऱ्यात बसशील, हे माझ्या डोळ्यांपुढे काही केल्या येत नाही.

भांडायला लिहीत नाहीये. मला तुझ्याशी खांबांबद्दल बोलायचंय. हस. कॉलेजातली पोरंही हसतात. माझ्या माघारी ती मला 'खांबवाल्या मॅडम' म्हणतात, आणि हल्ली पुढ्यातही म्हणायला लागलीत. जीवशास्त्रात एक गोष्ट आहे, तिला पुस्तकात स्तंभिका म्हणतात. म्हणजे इवलासा खांब. गंमत अशी की हा एकाच जागी सापडत नाही. प्राण्यांत आहे, झाडांत आहे, बुरशीतही आहे. एकमेकांशी काही नातं नाही, तरी कशाच्या तरी आत मधोमध एक बारका खांब उभा असतो आणि त्याच्या भोवती सगळा संसार मांडलेला असतो. इतकी वर्षं शिकवतेय, पण दर वर्षी तो धडा आला की मला आजही सणाला नवं लुगडं नेसल्यासारखं वाटतं.

पहिला खांब तूच दाखवलास मला. तुला आठवणार नाही. बांधावरची एरंडी तोडून तू गच्चीवर वाळत घालायचीस आणि दुपारच्या उन्हात ती तडतड फुटायची. बिया उडून पार शेजारच्या पत्र्यावर जायच्या. आई गेल्यावर बाबांनी मला नुकतं तुझ्याकडे आणून सोडलं होतं, आणि त्यांची नोकरी बाहेरगावी. मी कोणाशी बोलत नव्हते. तू मला त्या बिया वेचायला बसवलंस. बिया वेचता वेचता मला दिसलं की फळाचे तीन तुकडे उडून गेले तरी देठावर मधली एक बारीक काडी तशीच राहते. मी त्या काड्या गोळा करून काडेपेटीत भरल्या. कोणी म्हणालं, हा कचरा कशाला ठेवतेय पोरगी. तू म्हणालीस, ठेवू द्या, तिला आवडतंय. एवढंच बोललीस आणि सूप घेऊन उठलीस. माझी प्राध्यापकी त्या काडेपेटीत सुरू झाली काकू. मुलाखतीत हे सांगता येत नाही म्हणून तुला सांगतेय.

मग मला हा खांब जिथे तिथे दिसायला लागला. पावसाळ्यात भिंतीवर चढतात त्या गोगलगायींचा रिकामा शंख दगडावर हळूहळू घासत नेला की आत पिळाचा खांब निघतो आणि सगळे वेढे त्यालाच धरून बसलेले असतात. आमच्या कॉलेजात शालिग्राम सर प्राणिशास्त्र शिकवतात, त्यांनी मला कोंबडीच्या कानातलं हाड दाखवलं होतं. गव्हाच्या कोंड्याएवढं. आपल्या कानात तीन हाडं असतात, पाखरांना हे एकच. बाहेरचा सगळा आवाज तेवढा एक खांब उचलून आत नेतो. झाडाच्या मुळाच्या टोकाशीही अशाच पेशींचा खांब असतो. त्यात पिठाचे कण असतात, ते जिकडे खाली बसतात ती दिशा मुळाला कळते. आणि तुझ्या दोन नाकपुड्यांच्या मधला जो मऊ भाग आहे ना, त्यालाही हेच नाव आहे. हे तुला सांगितलं तेव्हा तू नाकाला हात लावून पाहिलास, आणि मग कानबाईच्या नथीची कशी काय सोय करायची नारळाला, म्हणून हसलीस.

सांगितलं ते कॉलेजात. तू आली होतीस त्या दिवशी. पण त्याच्या आधीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय तिथे पोचता येत नाही.

मी तिसरीत की चौथीत असेन. आबा, बाबा आणि धाकटे काका, तिघा भावांच्या वाटण्या झाल्या आणि कानबाई जुन्या घरातून तुमच्या नव्या घरी न्यायचं ठरलं. श्रावण नुकताच सरला होता. आबांनी डोक्यावर पेटी घेतली, पुढे हलगी, मागे सगळी भाऊबंदकी. उंबऱ्यापर्यंत आले आणि तुला फळीवरच्या टोपल्यात फडक्याखाली रोटाचा एक तुकडा सापडला. खरं तर तो पौर्णिमेच्या आत संपायला हवा होता. मला वाटतं तो तूच माझ्यासाठी झाकून ठेवला असशील आणि मी विसरले असेन. तू तो दाखवलास मात्र, आबांनी पेटी खाली ठेवली. हलगी थांबली. आबा सगळ्यांकडे बघून म्हणाले, "जवलोंग रोट घरमा शे, तवलोंग ती घरमा शे." म्हणजे रोट संपेतो देवी हलायची नाही. मग तिथेच उंबऱ्यात बसून त्या वाळक्या तुकड्याचा चुरा केला, प्रत्येकाच्या हातावर कणकण ठेवला, माझ्याही ठेवला, वरून पाणी पिऊन हात परातीत धुतले, ते पाणी परसात खड्डा करून ओतलं, आणि मगच पेटी उचलली. कोणी हसलं नाही. मला त्या दिवशी आबा फार मोठे वाटले. लग्न होऊन गेलेल्या आत्या बाजूला उभ्या होत्या, त्यांच्या हातावर काही ठेवलं नाही, हेही मला तेव्हाच दिसलं. पुढे माझं लग्न झालं आणि मीही बाजूला उभी राहायला लागले. सासरी कानबाई नाही, ती माणसं नागपूरकडची. त्यांना मी दर वर्षी समजावून सांगते की आमच्याकडे नारळाची देवी बसते आणि रोट घरच्याघरीच संपवतात. ते माना हलवतात, बस्स.

आता तो श्रावण. आबांचा शेवटचा. माझं बुरशीचं प्रात्यक्षिक जवळ आलेलं. पूर्वी बाजारचा पाव ओला करून काचेखाली ठेवला की तीन-चार दिवसांत मस्त बुरशी यायची. हल्लीच्या पावात काय घालतात कोण जाणे, बुरशीलाही तो नकोसा झालाय. पाव ठेवून ठेवून कडक झाला, पण एक केसही उगवला नाही. तेवढ्यात मी सणाला आले. सोमवारी कानबाई नदीवर नेऊन आणली, फुगड्या झाल्या, सगळ्या बाया दमून ओट्यावर पडल्या होत्या. टोपल्यातल्या रोटाकडे माझं लक्ष गेलं. जाड, तुपाचा हात लागलेला, श्रावणातली ओल धरलेला. बुरशीला याहून चांगलं घर कुठे मिळणार? मला रोट खायची मनाई होती, बुरशीला नव्हती. असला विचार जीवशास्त्र शिकवणारी खान्देशी बाईच करू शकते. एक तुकडा कागदात बांधला, तुला सांगितलं, तू झोपेत "हां" म्हणालीस, आणि मी जळगावची गाडी धरली.

पुढचं तूच मला नंतर सांगितलंस. आबांनी रोट मोजले, तुकडा कमी भरला. विचारलं, रोट घराबाहेर गेला का? तू लपवलं नाहीस. आबा ओरडले नाहीत, पण ताटावरून उठले. तुकडा परत येईपर्यंत घरात रोट संपला असं म्हणता येणार नाही, आणि रोट संपल्याशिवाय मी गोड जेवणार नाही, म्हणाले. त्यांना गोडाशिवाय घास उतरत नसे, म्हणजे हा मोठाच निर्धार. आणि तू, जी दवाखान्याशिवाय कधी एकटी जळगावला आली नव्हतीस, तू स्टीलचा डबा पिशवीत घालून सकाळची एसटी पकडलीस.

काकू, मी वर्गात उभी होते आणि दारात तू. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, हातात पिशवी. पोरांना वाटलं कोणाची तरी आजी फी भरायला आली. तू इकडे तिकडे न बघता सरळ माझ्यापाशी आलीस आणि म्हणालीस, "रोट दे." मी काचेचं झाकण उचललं तर आत तुझ्या रोटावर पांढरा कापूस दाटला होता आणि त्यावर टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके. मला वाटलं आता तू रडशील, नाहीतर मला सगळ्यांपुढे बोलशील. तू वाकलीस, बघितलंस, नाक मुरडलंस आणि म्हणालीस, हे काय झालं? मी म्हटलं, ये, दाखवते. आणि तुला माझ्या खुर्चीवर बसवलं.

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला तुला वेळ लागला. तू आधी दोन्ही डोळे मिटलेस, मग चष्म्यासकट लावलास, मग चष्मा काढलास. मी सांगत होते, हे उभे देठ बघ, देठावर काळी डोकी बघ, डोक्यात धुळीसारखं बी असतं. मग मी त्यातला थोडा भाग काढून निळ्या रंगात काचपट्टीवर घेतला. पिकलेली डोकी फुटली होती, बी सगळीकडे पांगलं होतं. फुटल्यावर आतला खांब उघडा पडतो, आणि बहुतेक वेळा वाऱ्याने छत्री उलटावी तसा उलटून लोंबतो. त्या पट्टीवरही बरेचसे असेच लोंबत होते. एकच मात्र ताठ होता, निळा, गोल माथ्याचा. तू त्यावर थांबलीस. किती तरी वेळ थांबलीस. पोरं खुर्च्यांवरून उठून तुझ्याभोवती जमली होती. मग तू डोळा न काढता म्हणालीस, "डोकं फुटी गयं, बठ्ठं वाटी दिधं, तरी खांब उभा शे."

सगळं वाटून दिलं तरी खांब उभा, मी बारा महिने जे शिकवते ते तू एका वाक्यात बोललीस, याचं मला कौतुक वाटलं, असं मी तेव्हा वर्गात सांगितलं. खरं कौतुक वेगळंच होतं. ज्या बाईचा कुळाचार मी बुरशीला खाऊ घातला, ती बाई रागावायच्या आधी बघायला तयार झाली. मला आजही असं करता येत नाही. मी आधी रागावते. त्यानंतर तू उठलीच नाहीस. गोगलगायीचा शंख बघितलास, कोंबडीचं हाड हातावर घेऊन फुंकर लागू नये म्हणून श्वास धरलास, मुळाचं ऐकून म्हणालीस की तरीच उलटं पेरलेलं बीही सरळ येतं. पोरांनी तुला चहा आणून दिला. एकीने तर तुझ्यासोबत फोटो काढला, तो अजून आमच्या प्रयोगशाळेत लावलेला आहे.

जायला निघालीस तेव्हा तू रोटाचा गोळा डब्यात भरलास, टेबलावर सांडलेले कणही पदराने टिपून घेतलेस. मी ती निळी काचपट्टीही पुढे केली. तू ती हातात घेतलीस, उजेडात धरलीस आणि परत माझ्या हातात दिलीस. म्हणालीस, "इतलं तुनाजोडे ऱ्हाऊ दे. तुले कोठे रोट भेटस?"

मी तुला बसस्टँडवर सोडायला आले तेव्हा भलत्याच गाडीत चढवत होते, आठवतंय? तुला वाटलं ऊन लागलं. काकू, लग्नानंतर माझ्या वाट्याला रोटाचा कण आला नव्हता आणि मी त्याबद्दल कधी बोलले नव्हते. तू न विचारता माझा वाटा दिलास. खाता येणार नाही असा दिलास, म्हणजे रीतही मोडली नाही. मैत्रिणीकडून नेलपॉलिश मागून घेतलं आणि त्या संध्याकाळी पट्टीच्या कडा बंद केल्या. त्यावर चिठ्ठी चिकटवली. इतर पट्ट्यांवर मी बुरशीचं नाव आणि तारीख लिहिते. हिच्यावर तुझ्या नावाने 'पुष्पाबाईंचा रोट' एवढंच लिहिलं.

तू घरी गेलीस, आबांनी तो गोळा परसातल्या लिंबाखाली पुरला आणि रात्री खीर खाल्ली, असं तूच फोनवर सांगितलंस. एक गोष्ट मात्र तू मला सांगितली नाहीस, आणि एक मी तुला.

आबांना जळगावला दाखल केलं होतं तेव्हाची गोष्ट. तू खाली औषध आणायला गेली होतीस. ते मला जवळ बोलावून म्हणाले, "तो रोट शे ना अजून?" मी गोंधळले. मला वाटलं तापात काहीतरी बोलतायत. मग म्हणाले, तुझी काकू त्या दिवशी घरी आली, मी विचारलं सगळा आणलास का, तर म्हणाली, पोरीचा वाटा ठेवून आले. मीही तो परत मागितला नाही, म्हणाले. मी सांगितलं, आहे आबा, कपाटात आहे. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "जपीसन ठेव." एवढंच. मग तू आलीस, आणि ते तुला औषध कडू आहे म्हणून कुरकुर करायला लागले. मी ते बोलणं मनातच ठेवलं. तेव्हा मला वाटलं, आजारी माणूस पोरीच्या मायेने काहीतरी विचारतोय. ज्याने वाळक्या तुकड्यासाठी पेटी उंबऱ्यात उतरवली होती तो माणूस उगाच काही विचारत नसतो, हे मला परवा ललितचा फोन ठेवल्यावर कळलं. आपल्या माघारी काय होईल हे त्यांना तिथे पडल्या पडल्या दिसत होतं.

मी कालच ललितला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, आबांचाच शब्द आहे, मी काय बोलणार, काकू म्हणेल तसं. पेटी नेण्याची त्याला तशी हौस नाही, तू सांगितलंस म्हणून तो येणार होता. त्याची बायको नूतन तर म्हणाली, आम्हीच सगळे गावी येतो, काकूंच्या हातच्या खिरीशिवाय कानबाई कसली? तेव्हा आता उरलीस तू एकटी. आता डबी उघड.

कापूस बाजूला कर. काच आहे, जपून. नुसत्या डोळ्यांना एक निळा डाग दिसेल, पण त्यात काय उभं आहे ते तू बघितलेलं आहेस. ज्यासाठी तू त्या दिवशी एसटीने आली होतीस तो सगळा रोट आज घरी आला. आबांच्या शेवटच्या कानबाईचा रोट अजून संपलेला नाही काकू, आणि जवलोंग तो घरात आहे तवलोंग तिला कोणाला हलवता येत नाही. पेटी धुळ्याला पाठवायचीच असेल तर आधी हा संपवावा लागेल, आणि काच काही कोणाला खाता येणार नाही. मूठ कोणाच्या नावाने टाकू, असं तू ललितला विचारलंस. ज्या घरात रोट शिल्लक आहे त्या घरच्या माणसाच्या नावाने टाक. त्या घरात माणूस एकच आहे, तिचं नाव पट्टीवर लिहिलंय. पेटीची गाठ सोड. बन्सीलालच्या गिरणीत जातं धुवायला सांगून ठेव आणि गहू निवडायला घे. मी शनिवारी दुपारच्या गाडीने येतेय.

तुझीच,
सारिका